अण्णांचा हिंदुस्थान

"मास्तरांचा कराचीवर भारी जीव हाय रं," कळंबचा विद्यार्थी दादाला म्हणाला आणि पायरीवर बसून वहाणा शोधू लागला.

"फाळणी अजून गळी उतरलेली नाही त्यांच्या," दादा म्हणाला. "उतरेल."

"माझं उत्तर पार खोडलं. मुंबई सोडून इलाख्यातलं दुसरं मोठं बंदर कोणतं, तर म्हणं कराची. मी म्हटलं गुरुजी, कराची गेली आता. तर म्हणं, गेली कुठं? होती तिथंच हाय की."

दोघं हसले. मी दाराआड रिकामे कप घेऊन उभी होते. मलाही हसू आलं असतं. अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, ती जुनी खोड होती, चेहरा गंभीर ठेवून टोला मारायची. पण दोन गोष्टी मला सलत होत्या. एक म्हणजे तोच प्रश्न अण्णांनी सकाळी दोनदा विचारला होता. आधी दादाला, आणि थोड्या वेळाने, जणू पहिल्यांदाच सुचला असावा तसा, कळंबच्या मुलाला. दुसरी गोष्ट जरा बारीक होती. कराची फाळणीत गेली हे खरं, पण सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला तो त्याच्याही दहाएक वर्षं आधी. मी शाळेतून सुट्टीला घरी आले होते तेव्हा अण्णांनीच नकाशावर बोट ठेवून मला ते सांगितलं होतं. म्हणजे अण्णा विसरले होते ते फाळणीला नाही. त्याच्या खूप मागचं काहीतरी निसटलं होतं.

मी कप विसळले. कुणाला काही बोलले नाही. मला बोलायची सवयच नव्हती.

आई गेल्यावर मामांनी मला पुण्याला नेलं आणि नन्सच्या शाळेत घातलं. तिथे दहा वर्षं राहून मी कर्जतला परत आले तेव्हा घरात माझी मराठी पाहुण्यासारखी वाटायची, जपून पाय टाकणारी. आत्या मला "मडम" म्हणायची. "आमच्या मडमेला खोबरं किसायचं इंग्रजीत सांगा, म्हणजे कळेल." तिच्या बोलण्यात विष नव्हतं. पण मी अधिकच गप्प झाले, आणि गप्प राहणाऱ्या माणसाला घरातलं सगळं दिसतं.

अण्णा खालापूरच्या शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत त्यांची एकाच गोष्टीसाठी ख्याती होती: जनरल नॉलेज. सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणारी मुलं गणित आणि इंग्रजी कुठेही शिकत, पण जनरल नॉलेजसाठी आमच्या ओटीवर येत. अण्णांपुढे पुस्तक नसे. "पुस्तकात बघून विचारतो त्याला मास्तर कोण म्हणेल," असं ते म्हणत. प्रश्न डोक्यातून यायचे आणि उत्तरही डोक्यातच तपासलं जायचं. सकाळी आंघोळ आटोपून, बंद गळ्याचा कोट घालून ते आरामखुर्चीत बसत. विद्यार्थ्याने उभं राहायचं. उत्तर बरोबर असेल तर अण्णा काहीच बोलत नसत, पुढचा प्रश्न येई. चुकलं तर "चूक" म्हणून स्वतः उत्तर सांगत. बस्स. त्यांनी तयार केलेली मुलं सचिवालयात लागली होती, कलेक्टर कचेरीत लागली होती. अलिबागहून कुणी दिवाळीला भेटायला यायचा, आणि अण्णा त्याला दारातच विचारायचे, "नर्मदा कुठल्या समुद्राला मिळते?"

ओटीवरचा एक नियम मात्र फक्त आमच्याकडेच होता. विचारणाऱ्याशी हुज्जत घालायची नाही. आपलं उत्तर बरोबर आहे अशी खात्री असेल तर दुसऱ्या दिवशी पुरावा आणायचा. नकाशा, वर्तमानपत्र, सरकारी पत्रक, काहीही. पुरावा पटला की अण्णा खुर्चीतून उठत आणि त्या विद्यार्थ्याला आपल्या जागी बसवून त्या दिवसापुरतं स्वतः उभं राहून प्रश्नांची उत्तरं देत. अशी वेळ क्वचितच यायची. आली की अण्णा दिवसभर खुशीत असत. "आज मला उठवलं पोराने," असं रस्त्यात भेटेल त्याला सांगत.

मी आल्यापासून पुरावे वाचायचं काम माझ्याकडे आलं होतं. मामा पुण्याहून इंग्रजी वर्तमानपत्रांचे गठ्ठे गाडीने पाठवत. त्यातलं शोधून मी दाराआडून दादाच्या हातात द्यायची. ओटीवर मी स्वतः कधी गेले नाही.

त्या वर्षी सगळ्यांचंच चुकत होतं, हे मला सांगायला हवं. सकाळचं उत्तर संध्याकाळी जुनं व्हायचं. संस्थानं विलीन होत होती, आज हे, उद्या ते. शेजारच्या पालीला कालपर्यंत संस्थानी अंमल होता, तो गेला. कुठल्या प्रांतात काय, कुणाच्या हाताखाली कोण, हे रोज बदलत होतं. कळंबचा मुलगा म्हणायचा, "गुरुजी, या सरकारला सांगा, आमची परीक्षा होईपर्यंत जरा दम धरा." अण्णा हसायचे. अशा दिवसांत एखाद्या म्हाताऱ्या मास्तरने जुनं उत्तर दिलं तर कुणाला त्यात काय वावगं दिसणार?

कळंबच्या मुलाला अण्णा त्याच्या गावाच्याच नावाने हाक मारत. "हं, कळंब, ऊठ." तो तेवीस-चोवीस वर्षांचा, जाड मिशांचा, घरची भातशेती बघून पहाटे चालत यायचा. येताना वालाच्या शेंगा, कधी मुळे, कधी नुसतेच ओला पेंढा चिकटलेले पाय. मला न बघता "ताई, शेंगा ठेवल्यात" म्हणायचा. त्याला कारकुनी हवी होती. दादाला त्याहून वरची जागा. दादा बी.ए. झाला होता, एकदा परीक्षेला बसून नापास झाला होता, आणि वयाच्या अटीमुळे आता ही त्याची शेवटची खेप होती. हे घरात कुणी बोलत नसे, पण आत्या त्याच्या पानात तूप जास्त वाढायची.

कराचीनंतर काही दिवसांनी अण्णांनी विचारलं, "हिंदुस्थानचा सर्वांत पूर्वेचा प्रांत?"

"आसाम," दादा म्हणाला.

"चूक. ब्रह्मदेश."

ब्रह्मदेश वेगळा होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. तरी दादा नियमाप्रमाणे, हुज्जत न घालता, खाली बसला. दुसऱ्या दिवशी त्याने नवा नकाशा आणला. अण्णांनी चष्मा पुसून पुसून तो पाहिला. मग उठले, दादाला खुर्चीत बसवलं आणि कौतुकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. सगळं पूर्वीसारखं झालं. मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी आत्याशी दोन वाक्यं जास्त बोलले.

आठवड्याच्या आत अण्णांनी पुन्हा विचारलं, सर्वांत पूर्वेचा प्रांत. आणि पुन्हा दादाला "चूक" म्हणाले.

"आता हा नकाशा फाटल मास्तर, उघडून उघडून," कळंबचा मुलगा हलकेच म्हणाला. दादा हसला नाही. जेवताना तो आत्याला म्हणाला, "हे मुद्दाम चाललंय."

"अरे, वय झालं की माणूस हट्टी होतो," आत्या म्हणाली. "तुझे आजोबा नाही का, शेवटपर्यंत आगगाडीत बसले नाहीत."

"हट्ट नाही. राग आहे. मी नापास झालो त्याचा."

अण्णा पलीकडच्या पाटावर बसून शांतपणे भात कालवत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

माघात आत्याच्या नात्यातल्या एका लग्नाला आम्हाला खोपोलीला जायचं होतं. आत्या आदल्या दिवशीच गेली. दादा अभ्यासासाठी थांबला. मी आणि अण्णा सकाळच्या गाडीने निघालो. गाडीत ते खुशीत होते. प्रत्येक नाल्यावरून गाडी गेली की मला त्याचं नाव विचारत होते, आणि मला येत नव्हतं तेव्हा सांगत होते. सगळी नावं अचूक. मी मनात म्हटलं, माझाच काहीतरी भ्रम असेल.

खोपोलीला उतरलं की समोर घाट उभा राहतो आणि त्याच्या अंगावरून वीजघराचे ते जाड नळ खाली आलेले दिसतात. अण्णा दर हिवाळ्यात खालापूरहून आपला वर्ग घेऊन तिथे यायचे. मीही लहान असताना एकदा त्यांच्या पाठंगुळीला बसून आले होते. वरच्या तलावाचं पाणी या नळांतून खाली पडतं, त्याच्यावर चाकं फिरतात, त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालतात, आणि पाणी इथून पाताळगंगेत जातं म्हणून तिला उन्हाळ्यातही ओल असते. हे सगळं अण्णा मुलांकडून तालावर म्हणून घ्यायचे. खालापूरच्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवलं तरी त्याने हे म्हणून दाखवलं असतं.

अण्णा रस्त्यात थांबले. नळांकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "हे काय गं? हे कधी घातलं इथे?"

मी काय उत्तर दिलं ते मला आठवतं. मी म्हटलं, "झाले काही दिवस, अण्णा."

"मोठं काम दिसतंय," ते म्हणाले, आणि आम्ही लग्नघराकडे चालू लागलो.

लग्नात ते नीट वागले. लोकांना ओळखत होते, निदान हसून वेळ मारून नेत होते. मी त्यांच्या मागे मागे होते. परतीच्या गाडीत डबा रिकामाच होता. बराच वेळ ते खिडकीबाहेर, वालाच्या हिरव्या चौकटींकडे बघत बसले. मग, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "बाळ, मघाशी रस्त्यात मी काहीतरी भलतंच विचारलं ना?"

"नाही अण्णा."

"खोटं बोलायला त्या नन्सनी शिकवलं का तुला?"

मी मान खाली घातली. ते हसले. माझा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. मी मोठी झाल्यापासून असं कधी केलं नव्हतं.

"उत्तरं आहेत गं सगळी," ते म्हणाले. "एकही गेलेलं नाही. पण कुठल्या प्रश्नाचं कुठलं, ते सापडत नाही. अडगळीच्या खोलीत शिरावं तसं होतं. हाताला काहीतरी लागतं, मी ते घेऊन बाहेर येतो. बाहेर उजेडात कुणी हसलं की कळतं, हे नव्हे."

मग म्हणाले, "दादाला सांगू नकोस. त्याची परीक्षा होऊ दे. माझ्याशिवाय कोण तयारी करून घेणार त्याची?"

मी मान हलवली. शब्द दिला असं म्हणता येणार नाही, कारण शब्द मी काढलाच नव्हता. पण अण्णांना माझी मान पुरे झाली. त्यांनी डोळे मिटले आणि कर्जत येईपर्यंत ते झोपले.

मला तेव्हा सर्वांत जास्त काय लागलं, सांगू? ते घाबरले होते आणि तरीही त्यांना काळजी होती ती दादाच्या जनरल नॉलेजची.

त्यानंतर मी मला जमेल ते केलं. सकाळी त्यांच्या कोटाची बटणं लावताना मी सहज म्हणायची, "अण्णा, आज नद्या विचारा." नद्या जुन्या होत्या. नद्या बदलत नाहीत, फुटत नाहीत, विलीन होत नाहीत. पर्वत, घाट, धातू, ग्रह, कुठली खिंड कुठे. यात अण्णा अजून कर्जतच्या कुठल्याही माणसाला भारी होते. बरेच दिवस तसं निभावलं. कळंबचा मुलगा तेवढा म्हणाला, "परीक्षेत सगळ्या नद्याच येनार हायत का, गुरुजी?"

एका दुपारी मी मागच्या अंगणात शेंगा सोलत होते. दादा येऊन माझ्यासमोर उकिडवा बसला आणि तोही सोलायला लागला. दाणे एकीकडे, टरफलं भलतीकडे.

"मामांकडे जाऊ का मी? पुण्याला?" तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं.

"इथे माझं डोकं फिरायची वेळ आलीय. काल कळंबने मला गंमत म्हणून विचारलं, सर्वांत पूर्वेचा प्रांत. माझ्या तोंडून काय आलं माहीत आहे? ब्रह्मदेश." त्याने शेंग टाकून दिली. "कागदावर हे लिहून आलो तर? ही शेवटची खेप आहे माझी. अण्णांना हे कळत नाही का? की कळतं म्हणूनच करतात? मुलगा नापास झाला म्हणून गावात मान खाली गेली, त्याचं उट्टं काढतात. मला माणसांसमोर उभं करून खोटं पाडायचं. रोज."

मी म्हटलं, "तसं नाही."

"मग कसं?"

अण्णांचा हात माझ्या हातावर होता तेव्हाचं ते सगळं मला आठवलं. मी शेंगा सोलत राहिले.

"बघ," दादा म्हणाला, "माझा पुरावा ते आज मानतात, उद्या विसरल्याचं सोंग करतात. तू सांग एकदा. सगळ्यांसमोर, बाहेर येऊन. तू कधी बोलत नाहीस, म्हणून तुझं ऐकतील. पुन्हा असं झालं तर मी तुला हाक मारणार. आणि तेव्हाही ऐकलं नाही तर मी त्याच दिवशीच्या गाडीने पुण्याला जाईन, आणि परत येणार नाही. परीक्षा झाली तरी."

तो उठून गेला. त्याने सोललेले दाणे मी वेगळे केले. कितीतरी कोवळे होते, काढायला नको होते.

दोघांपैकी एकालाच वाचवता येईल असं मला वाटत होतं. दादाला सांगितलं तर अण्णांनी माझ्यावर टाकलेला एकुलता एक विश्वास मोडायचा. नाही सांगितलं तर दादा उरलेलं आयुष्य असं समजून काढणार की बापाने आपला द्वेष केला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. इंग्रजी शाळेत मला निबंधाला नेहमी चांगले गुण मिळत. या दोन वाक्यांना जोडणारं तिसरं वाक्य मला सुचत नव्हतं.

आता अण्णा ओटीवर बसत नाहीत. सकाळी मी त्यांना कोट घालते, कारण कोट घातला नाही की ते अस्वस्थ होतात. मला ते कधी आत्याच्या नावाने हाक मारतात, कधी आईच्या. आईच्या नावाने मारली की मी लवकर ओ देते.

दादाने मला हाक मारली ती सकाळ मात्र चांगली सुरू झाली होती. थंडी होती, अण्णांनी उपरणं कानांवरून घेतलं होतं. नद्या झाल्या, खिंडी झाल्या. कळंबच्या मुलाने एका दमात सगळ्या ग्रहांची नावं क्रमाने सांगितली आणि स्वतःच खूश झाला. आत्या दारात भाजी निवडत ऐकत होती. मी दाराआड होते, आणि मला वाटू लागलं होतं की आज निभावलं.

मग अण्णा दादाकडे वळले. अगदी सहज, बालवर्गातल्या मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "हिंदुस्थानची राजधानी?"

कळंबचा मुलगा हसला. त्याला वाटलं, यात काहीतरी खुबी असणार.

"दिल्ली," दादा म्हणाला.

"चूक."

या वेळी अण्णांनी बरोबर उत्तर सांगितलं नाही. दादाने ते सांगावं म्हणून वाट बघत राहिले. कुणीच हसलं नाही. आत्याचा हात भाजीवर थांबला. "गुरुजी," कळंबचा मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला, "दिल्लीच हाय की."

दादाचा चेहरा पांढरा पडला होता. "पुरावा आणतो" असं तो म्हणाला नाही. त्याने दाराकडे मान वळवली आणि मला हाक मारली. "बाहेर ये. तू सांग."

मी ओटीवर गेले. पायाखालची जमीन गार होती. परक्या पुरुषासमोर अशी उभी राहायची मला सवय नव्हती, पण त्या क्षणी मला कळंबचा मुलगा दिसलाच नाही.

"हं, ही सांगेल," अण्णा म्हणाले. "ही इंग्रजी शाळेत शिकली आहे. हिला खोटं बोलता येत नाही."

ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते. नियमाप्रमाणे उठायची तयारी. मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं की आपलं बरोबर आहे की चूक हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि दादाही माझ्याकडे बघत होता. त्याला पक्कं ठाऊक होतं की घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या बातमीचा कागद माझ्या हातून जातो. हिंदुस्थानची राजधानी कोणती हे मला ठाऊक नाही असं तो कधीच मानणार नव्हता. मी काहीही म्हटलं तरी ते का म्हटलं, हे त्याला शोधावंच लागणार होतं.

अण्णा लहान होते, खालापूरच्या शाळेत पाटीवर भूगोल लिहीत होते, तेव्हा राजधानी दिल्ली नव्हती. ती दिल्लीला गेली ते अण्णा मोठे झाल्यावर. त्यांच्या मास्तरांनी त्यांना एक उत्तर शिकवलं होतं, त्यांनी ते पाठ केलं होतं, आणि ते बरोबर होतं. तेवढ्या मागे अण्णा आता जाऊन पोचले होते. तिथे त्यांच्याजवळ कुणीही नव्हतं. दादा नव्हता, मी नव्हते, आईसुद्धा नव्हती.

मी दादाकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, पण मी ते पुसले नाहीत. त्याला दिसू दिले. मग मी अण्णांकडे वळले आणि ओटीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कलकत्ता, अण्णा. तुमचं बरोबर आहे."